पशुवैद्याचा एक दिवस
(वडनेर परिसरातील पावसाळी कामकाजावरून)

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरील गाव होय. येथून पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. जमीन काळी व भारी. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. नांगरटीला आता ट्रॅक्टर आले आहेत. तरी कपाशीच्या तासांतून डवरा फिरवावयाचा झाला म्हणजे लहान शेतकऱ्याला आजही बैलजोडीच लागते. गाईम्हशींचे दूध आणि दाराशी बांधलेल्या दोनचार शेळ्या हा त्याच्या रोजच्या खर्चाचा आधार असतो. कपाशीचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. दुधाचे रोज येतात. म्हणून गोठ्यातील एक जनावर दगावले तर त्या घराचे सगळे गणित चुकते.

जनावर आजारी पडले म्हणजे पशुवैद्याचे काम सुरू होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः पशुवैद्य गोठ्यात पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या यशापयशाचा निम्मा निकाल लागून गेलेला असतो. जनावराकडे कोणी केव्हा पाहिले, आजार केव्हा ओळखला, तो केव्हा कळविला आणि मधल्या वेळात काय केले किंवा करावयाचे टाळले, यावर तो निकाल अवलंबून असतो. राष्ट्रीय कृषी आयोगाने आपल्या १९७६ च्या अहवालात दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस केली होती. ही शिफारस पूर्णपणे अमलात आली असे धरले, तरी एका मनुष्याला पाच हजार जनावरांवर रोज नजर ठेवता येणार नाही. ती नजर मालकाचीच असली पाहिजे.

हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आषाढ महिन्यातील एका दिवसाचे कामकाज पुढे दिले आहे. हा दिवस कोणा एका डॉक्टरच्या नोंदवहीतून घेतलेला नाही. पावसाळ्यात या भागात वारंवार येणारे प्रसंग एकत्र करून तो मांडला आहे.

सकाळचा दवाखाना

दवाखान्याचे दार उघडते त्या वेळी अंगणातील खोड्यापाशी तीनचार जनावरे आलेली असतात. पशुवैद्य औषधाच्या कपाटाकडे वळण्याआधी प्रश्न विचारतो. खाणे केव्हापासून सुटले? रवंथ करते काय? शेण कसे पडते? लघवीचा रंग कसा? दूध किती कमी झाले? घरी काही पाजले काय? पुष्कळदा जनावर घेऊन आलेला मुलगा किंवा गुराखी या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. गोठा झाडणारी, वैरण घालणारी व दूध काढणारी घरातील बाई ती उत्तरे एका दमात देते. म्हणून जनावराबरोबर शक्यतो तिनेच यावे, किंवा येणाऱ्याने तिला विचारून यावे.

यानंतर तपासणी होते. निरोगी गाईबैलांचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली असता पोटाची हालचाल हाताला जाणवते. निरोगी जनावरात ती दोन मिनिटांत दोनतीन वेळा होते. नाकपुडीभोवतीचा भाग ओलसर असतो. या तिन्ही गोष्टी कोणत्याही शेतकऱ्याला पाहता येण्यासारख्या आहेत. एक साधा तापमापक घरात असावा. तो गुदद्वारात दोन मिनिटे धरून वाचावा. ‘अंग गरम लागते’ या सांगण्यापेक्षा ‘ताप १०५ आहे’ हे सांगणे पशुवैद्याला अधिक उपयोगी पडते.

आजच्या जनावरांत एक शेळी आहे. तिच्या तोंडातून लाळ गळत आहे, अंग थरथरत आहे आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आहेत. मालकाच्या सांगण्याप्रमाणे ती बांधावर चरत होती. अधिक विचारता कळते की शेजारच्या कपाशीवर आदल्या दिवशी फवारणी झाली होती आणि फवाऱ्याचे डबे बांधाजवळच धुतले होते. कीटकनाशकांच्या ज्या गटाने अशी लक्षणे होतात त्यावर अॅट्रोपिन हे औषध लागू पडते. परंतु प्रत्येक कीटकनाशकावर ते चालत नाही. या मालकाने औषधाचा रिकामा डबा पिशवीत घालून आणला होता. वरील नाव वाचून पशुवैद्याला तत्काळ उपचार करता आला व शेळी तासाभरात सावरली. विषबाधेचा संशय आला की डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर आणावयास विसरू नये. फवाऱ्याचे धुणे बांधावर किंवा नाल्यात ओतू नये, हे निराळे सांगावयास नको.

रेतनाची वेळ

दहाच्या सुमारास एक गाय कृत्रिम रेतनासाठी आणली जाते. रेतमात्रेच्या कांड्या द्रवरूप नत्राच्या भांड्यात उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात. एक कांडी काढून ती ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात व मग वापरतात. ही क्रिया पाच मिनिटांची आहे. परंतु ती फळास येणे न येणे मुख्यतः वेळेवर ठरते.

या गाईचा मालक सांगतो की ती परवा सकाळी हंबरत होती, काल शांत झाली, आणि कामाची गर्दी असल्यामुळे आज आणली. पशुवैद्य तपासून सांगतो की आता उशीर झाला. माज ओसरला आहे. गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येईल. दरम्यान तीन आठवडे गेले, आणि तितकेच दुधाचे दिवस पुढे ढकलले गेले. नियम सोपा आहे. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी, आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस, वारंवार हंबरणे, दुसऱ्या जनावराने अंगावर चढले असता स्थिर उभे राहणे, ही माजाची चिन्हे होत. म्हशीचा माज बहुधा मुका असतो. म्हणून तिच्याकडे पहाटे व रात्री मुद्दाम पाहावे. रेतन झाल्यावर दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. गाभण नसलेली गाय गाभण समजून वर्षभर पोसली जाते, असे प्रकार थोडे नाहीत.

कोणते रेत वापरावे याचाही विचार करावा. वर्धा जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे आर्वी, आष्टी व कारंजा हे तालुके, गवळाऊ जातीचे माहेर समजले जाते. पांढऱ्या किंवा करड्या रंगाची, चपळ व काटक अशी ही जात असून तिच्या संवर्धनासाठी कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासनाचे पशुपैदास क्षेत्र आहे. ज्याच्याकडे चांगली गवळाऊ गाय आहे त्याने ती गवळाऊ वळूच्या रेतानेच भरवावी. संकरित गाय पाळावयाची तर चारा, पाणी, सावली व गोचीडनियंत्रण यांची सोय आधी करावी आणि मगच तिकडे वळावे.

अडलेली गाय

दवाखान्याचे काम आटोपत असतानाच फोन येतो. एका खेड्यात गाय पहाटेपासून अडली आहे. पशुवैद्य निघण्याआधी फोनवरच तीन गोष्टी सांगतो : कोणीही ओढू नये, गाईला कोरड्या जागी घ्यावे, आणि भरपूर गरम पाणी व साबण तयार ठेवावा.

नीट येणाऱ्या वासराचे पुढचे दोन पाय आधी दिसतात व त्यांवर टेकलेले तोंड येते. पाणमोट फुटल्यावर तासाभरात एवढे दिसू लागले नाही तर वासरू आडवे आहे किंवा त्याची मान वळली आहे, असे समजून पशुवैद्यास बोलवावे. या गाईच्या बाबतीत दोन पाय बाहेर आले होते, पण तोंड दिसत नव्हते. चार माणसांनी दोरी लावून ते पाय ओढून पाहिले होते. मान मागे वळलेली असताना जितके ओढावे तितके वासरू अधिक अडकते, आणि गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो.

पशुवैद्य कोपरापर्यंत हात धुऊन, हातमोजा घालून व वंगण लावून आत तपासतो. गाय कळ देत नाही अशा क्षणी तो वासराला हळूहळू मागे ढकलतो. एवढ्याने आत जागा होते. मग जबड्याला धरून मान सरळ करतो, आणि पुढच्या कळेबरोबर, केवळ कळेबरोबरच, खालच्या दिशेने ओढतो. पाऊण तासाने वासरू बाहेर येते. नाकातोंडातील चिकटा पुसून, छाती चोळून त्याचा श्वास सुरू केला जातो. नाळ स्वच्छ कात्रीने कापून तिला टिंक्चर आयोडीन लावले जाते.

या वेळी घरातील वृद्ध गृहस्थ विचारतात, “डॉक्टरसाहेब, चीक वार पडल्यावरच पाजावा नं?” ही समजूत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती घातक आहे. वासराला आजारांशी झगडण्याची शक्ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होत जाते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांच्या आत पाजलाच पाहिजे. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक दोनतीन वेळांत विभागून द्यावा. वार बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्यास कळवावे. तिला दगड किंवा जोडा बांधून ओढू नये.

गाय गाभडली तर आणखी एक दक्षता घ्यावी. गर्भपात विशेषतः शेवटच्या महिन्यांत झाला असेल तर तो सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा असण्याचा संभव असतो. या जंतूंमुळे माणसालाही दीर्घकाळ येणारा ताप जडतो. गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यापुढे टाकू नये. चुना घालून खोल पुरावी. कालवडी व पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात यावरील लस आयुष्यात एकदाच टोचतात. ती संधी दवडू नये.

फऱ्याने गेलेला गोऱ्हा

परतीच्या वाटेवर दुसरे बोलावणे येते. गोठ्यात दोन वर्षांचा गोऱ्हा आडवा पडला आहे. अंगाने भरलेला, पोळ्याला जोडीत उभा करण्यासाठी जपलेला. मालक म्हणतो, “काल सांजच्यापासून लंगडत होता साहेब. काटा रुतला असन म्हटलं.” रात्री मांडीवर सूज दिसली, तेव्हा कोणी सांगितले म्हणून ती जागा तापल्या विळ्याने डागली. सकाळी गोऱ्ह्याने वैरण सोडली. दुपारी पशुवैद्यास फोन गेला.

पशुवैद्य सुजेवर हात दाबतो. कातडीखाली वाळली पाने चुरगाळावीत तसा चरचर आवाज येतो. हा फऱ्या होय. यालाच एकटांग्या म्हणतात. या रोगाच्या जंतूंचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात आणि पावसाळ्यात कोवळ्या गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात. सहा महिने ते तीन वर्षे वयाची, चांगली पोसलेली जनावरेच याला अधिक बळी पडतात. लंगडणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच बहुधा मृत्यू येतो. अगदी आरंभी पेनिसिलिनच्या मोठ्या मात्रा दिल्या तर काही जनावरे वाचतात. येथे मोलाचे अठरा तास काट्याच्या संशयात व डागण्यात गेले. पशुवैद्य इंजेक्शन देतो, परंतु मालकाला खोटी आशा दाखवीत नाही. दिवस मावळण्याच्या आत गोऱ्हा मरतो.

येथे पशुवैद्याचे काम संपत नाही. तो गोठ्यातील व शेजारच्या तरुण जनावरांचे तापमान घेतो. त्यांपैकी एका वासराचा ताप १०५ निघतो, पायावर सूज अद्याप नाही. त्याला तत्काळ पेनिसिलिन सुरू केले जाते. ते वाचण्याची आशा आहे. निरोगी जनावरांना लस टोचली जाते व त्या कुरणात ती सोडू नयेत असे बजावले जाते.

मग पशुवैद्य मालकाला विचारतो की मे महिन्यात गावात फऱ्या-घटसर्पाची लस टोचली तेव्हा हा गोऱ्हा कोठे होता. मालक थोडा वेळ गप्प राहतो. गोऱ्हा घरीच होता. लस टोचल्याने जनावर अंग धरते, कामाला येत नाही, असे ऐकल्यावरून त्याने तो बाहेर काढला नव्हता. टोचल्या जागी थोडी सूज येते, एखादा दिवस कणकण वाटते, दुधाळ जनावराचे दूध दोन दिवस किंचित कमी होते. एवढे खरे आहे. परंतु या दोन दिवसांच्या बदल्यात वर्षभराचे संरक्षण मिळते. लस टोचल्यापासून अंगात शक्ती येण्यास दोनतीन आठवडे लागतात. म्हणूनच ती पाऊस पडण्यापूर्वी टोचून घ्यावयाची असते. पहिले जनावर मेल्यावर धावपळ करून टोचलेली लस आधीच रोग शिरलेल्या जनावराला वाचवू शकत नाही.

मृत जनावर उघडू नये व सोलू नये, अशी ताकीद पशुवैद्य देतो. सहा फूट खोल खड्डा, वर व खाली चुना, विहीर व नाल्यापासून दूर जागा, अशी व्यवस्था केली जाते. जनावर एकाएकी मेले आणि नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले तर काळपुळीचा, म्हणजे फाशी रोगाचा संशय धरावा. अशा वेळी पशुवैद्यदेखील शव फाडीत नाही. कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तपासणीस पाठवितो. शव फाडले की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ती जमीन कित्येक वर्षे दूषित राहते. सोलणाऱ्या माणसालाही हा रोग होतो.

लसीकरणाची दुपार

उरलेल्या दुपारी शेजारच्या गावात लसीकरण ठरलेले आहे. लसीच्या कुप्या बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवून नेल्या जातात. उन्हात राहिलेली लस निकामी होते, आणि लाळ-खुरकुताची लस गोठली तरी निकामी होते. शाळेजवळच्या लिंबाखाली दोर बांधून जनावरे ओळीने उभी केली जातात. ज्या गावात आदल्या दिवशी दवंडी पिटली गेली व मोबाइलवर निरोप गेला, तेथे दोन तासांत काम उरकते. जेथे तसे झाले नाही तेथे जनावरे रानात गेलेली असतात आणि लस परत न्यावी लागते.

लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात हा रोग व ब्रुसेला यांवर लसीकरण होते आणि जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लावला जातो. या क्रमांकावर त्याच्या लसी, रेतन व उपचार यांची नोंद राहते. जनावराचा विमा असेल तर हाच बिल्ला त्याची ओळख पटवितो. बिल्ला काढून टाकू नये.

सर्वांनी मिळून लस घेतल्यास काय साधते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. बुळकांडी रोगाने एके काळी गावेच्या गावे बैलांविना पडत. १९५४ साली देशभर तिच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. लस घेऊन कर्मचारी पायी व सायकलीवर खेड्यापाड्यांत हिंडले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला व २०११ साली सारे जग. आजच्या तरुण शेतकऱ्याने हा रोग पाहिलेलाच नाही. याउलट २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीची लस वापरून गोवर्गीय जनावरांचे लसीकरण करण्यात आले. माशा, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या या रोगात गोठ्याची स्वच्छता हाही लसीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

अडकले की पिसाळले?

गाव सोडता सोडता एक शेतकरी थांबवितो. त्याची म्हैस लाळ गाळते व पाणी पिऊ शकत नाही. आंब्याची कोय अडकली असावी. तो घशात हात घालून पाहण्याच्या बेतात आहे. पशुवैद्य त्याला मागे खेचतो आणि आधी विचारतो, कुत्रे चावले होते काय? महिन्यापूर्वी गावात एक मोकाट कुत्रे जनावरांच्या अंगावर गेले होते, असे कोणी सांगतो. म्हशीचा आवाज बसलेला, घोगरा आहे. मागचे पाय लटपटतात. ती वारंवार कुंथते. ही चिन्हे पिसाळण्याची असू शकतात.

या रोगाची चिन्हे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही, जनावराला नाही व माणसालाही नाही. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतो. हाताला साधे खरचटलेले असले तरी तो शरीरात जाऊ शकतो. म्हणून गिळता न येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात पशुवैद्याने तपासल्याशिवाय कोणीही हात घालू नये. म्हशीला वेगळे, भक्कम बांधले जाते. जे कोणी दोन दिवसांत तिच्या लाळेच्या संपर्कात आले त्यांनी हात साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, असे सांगितले जाते. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व तारखांना लस घ्यावी. बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नये. जनावराला कुत्रे चावल्याचे त्याच दिवशी कळविल्यास त्यालाही लस देता येते. जखम धुवावी, हळद, तिखट किंवा चुना भरू नये.

रात्रीचे बोलावणे

सायंकाळी नोंदी पुऱ्या करून पशुवैद्य घरी पोचतो, तोच रात्री दहाला पुन्हा फोन येतो. दावे तोडून बैलाने शेजारच्या ओल्या सोयाबीनमध्ये भरपेट खाल्ले आहे. डावी भकाळी नगाऱ्यासारखी फुगली असून बैल जीभ बाहेर काढून श्वास घेत आहे. पोटात साठलेला वायू छातीवर दाब आणतो. अशा पोटफुगीत तासाभरातही जनावर गुदमरून मरू शकते.

मालकाने या वेळी दोन चांगल्या गोष्टी केल्या. बैलाचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे त्याला उभे केले आणि फोन ताबडतोब केला. पाव लीटर गोडेतेल पाजणे उपयोगी असते. परंतु जनावर धापा टाकत असेल, खोकत असेल किंवा आडवे पडले असेल तर काहीही पाजू नये. नळकांड्याने घाईत पाजलेले तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो व पोटफुगीतून वाचलेले जनावर त्याने मरते. पाजताना तोंड फार वर उचलू नये व जीभ धरू नये. पशुवैद्य भकाळीच्या मध्यावर ट्रोकार या टोकदार साधनाने छिद्र पाडून नळीवाटे वायू हळूहळू सोडतो व वायू धरणाऱ्या फेसावर औषध देतो. अर्ध्या तासाने बैल शेण टाकतो. दुसऱ्या दिवशी त्याला विश्रांती द्यावयाची. परवा तो डवऱ्याला जुंपता येईल.

एकाच दिवशी एका गोठ्यात गोऱ्हा गेला व दुसऱ्यात बैल वाचला. पशुवैद्य तोच होता व पेटीतील औषधेही तीच होती. एका घरून बोलावणे अठरा तासांनी आले, दुसऱ्या घरून दहा मिनिटांत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

जनावरांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ प्रमाणे अनुसूचित रोगाचा संशय येताच तो कळविणे जनावराच्या मालकाला बंधनकारक आहे. फाशी, लाळ-खुरकूत असे रोग त्यात येतात. मालकाने गावातील अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस सांगावयाचे आणि तेथून पशुवैद्यास कळवावयाचे, असा हा क्रम आहे. कार्यकर्त्याने ही जबाबदारी केवळ कागदाची समजू नये. एकाच आठवड्यात दोन गोठ्यांत सारखी लक्षणे दिसली तर तिसऱ्या गोठ्याची वाट पाहू नये. लसीकरणाच्या आदल्या सायंकाळी घरोघर निरोप द्यावा. ज्यांनी जनावरे आणली नाहीत त्यांची यादी ठेवावी आणि त्यांच्या शंका शांतपणे ऐकून घ्याव्यात. रागावून लस टोचली जात नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. सकाळी वैरण घालताना व सायंकाळी दूध काढताना प्रत्येक जनावराचे खाणे, रवंथ, शेण व चाल यांकडे पाहावे.

२. फऱ्या व घटसर्प यांच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी.

३. तरुण जनावर एकाएकी लंगडू लागले, किंवा म्हशीच्या गळ्याला सूज येऊन श्वासात घरघर सुरू झाली, तर त्याच तासाला कळवावे. डागू नये.

४. अडलेल्या गाईला ओढू नये. वासराला चीक तासा-दोन तासांत पाजावा.

५. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये.

६. एकाएकी मेलेले जनावर फाडू किंवा सोलू नये.

७. विषबाधेत औषधाचा डबा, आणि प्रत्येक आजारात जनावराची पूर्ण हकीकत सांगणारे माणूस, बरोबर असावे.

८. नजीकच्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांकही आहे.

आषाढ संपला की श्रावण येतो आणि श्रावणाच्या अमावास्येला पोळा. त्या दिवशी तोरणाखाली जोडी उभी करताना तिला झूल घालावी, बाशिंग बांधावे. परंतु त्याच सकाळी तिचे खूर, डोळे व कातडीही एकवार नीट निरखून पाहावी. वर्षातून एक दिवस केलेली ही पाहणी रोजची सवय झाली, तर पशुवैद्याला येणारे रात्रीचे फोन पुष्कळ कमी होतील आणि गोठ्यातील दावी रिकामी राहणार नाहीत.